कोरगावची खाजने आणि तेरेखोलचा किल्ला

पेडणे तालुक्यात येणारा प्रवासी बहुधा हरमलच्या किनाऱ्यावरूनच माघारी फिरतो. त्याने सकाळचे दोन तास कोरगावसाठी राखून ठेवावेत. खाडीचे खारे पाणी बांध घालून थोपवायचे आणि बांधामागील खाजनात खारेपणा सोसणारे ‘कोरगूट’ भात पिकवायचे, ही गोमंतकीय शेतकऱ्याची जुनी विद्या होय. बांधातील ‘मानस’, म्हणजे पाण्याचे लाकडी दरवाजे, अवश्य पाहावेत. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटतात. ओहोटी लागली की उघडून आतील पाणी बाहेर सोडतात. बांध फुटून खारे पाणी शिरल्यास मात्र जमीन पुन्हा लागवडीस येण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधावर वाहन नेऊ नये व दरवाजांना हात लावू नये. हौसेपायी शेतकऱ्याचे पीक बुडणे कोणासही शोभणारे नाही.

दुपारनंतर केरी गाठावे. तेथे फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. तटावरून नदीमुख व केरीचा किनारा एकाच दृष्टिक्षेपात येतात.