बाळंतपणाची पिशवी

अगं, छत्तिसावा आठवडा लागायच्या आत पिशवी भरून ठेव. पहिलटकरणीच्या कळा बऱ्याचदा लांबतात हे खरं, पण आधी पाणीच गेलं तर घरात धांदल उडते आणि त्या धांदलीत नेमकी फाइल राहते. एक मात्र पक्कं लक्षात ठेव. पिशवी भरणार तू, उघडणार दुसरंच कुणी. तू आत लेबर रूममध्ये असशील, बाहेर तुझी आई नाहीतर जावईबापू. त्यांच्या हाताला वस्तू पटकन लागली पाहिजे, या हिशेबानं भर.

आधी कागद. बाळंतपणाला माहेरी येणार म्हणजे तुझे डॉक्टर बदलणार. इथल्या डॉक्टरांना तुझे आधीचे महिने कागदावरच दिसणार. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्त-लघवीच्या तपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनांची नोंद, चालू गोळ्यांची चिठ्ठी, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळं तारखेवार एकाच फाइलमध्ये लाव. फाइलवर बाहेरूनच रक्तगट मोठ्या अक्षरात लिही. तो निगेटिव्ह असेल तर घरात दोघांना तरी सांगून ठेव. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुला 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. तुम्हा दोघांच्या आधारच्या प्रती आणि विम्याचं कार्डही त्यातच. जन्मनोंदीची माहिती दवाखान्यातच लिहून घेतात, तेव्हा तुमच्या नावांचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच द्यायला सांग. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला लागतो.

बाळाची पिशवी वेगळी. बाळ झालं की सिस्टर दारातून "बाळाचे कपडे द्या" म्हणतात आणि बाहेरची मंडळी पिशवी उपसत बसतात. म्हणून पहिला जोड सगळ्यात वर, एका रुमालात बांधून ठेव: नाड्यांचं झबलं, लंगोट, टोपडं, मोजे आणि दोन मोठी दुपटी. एक अंग पुसायला, दुसरं गुंडाळायला. ओलं राहिलं तर एवढासा जीव लगेच गार पडतो. आजीच्या जुन्या सुती साडीच्या दुपट्यासारखं मऊ दुसरं काही नाही, पण ती साडी डांबरगोळ्यांत ठेवलेली असेल तर धुऊनसुद्धा घेऊ नको. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांच्या वाफेनंही त्यांच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ चढते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे आधी कुणालाच माहीत नसतं. नवे कपडेही धुऊन, उन्हात वाळवूनच ठेव.

तुझ्यासाठी पुढून उघडणारे गडद रंगाचे सुती गाऊन, बाळंतिणीचे मोठे पॅड (नेहमीचे पुरत नाहीत), कमरेच्या वर येणाऱ्या सैल चड्ड्या, म्हणजे सिझर झालंच तर टाक्यांवर इलॅस्टिक घासत नाही. सपाता, स्ट्रॉची पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर. घरी यायला सहाव्या महिन्यात होणारा ड्रेस घे. पोट लगेच उतरत नसतं. अंगठ्या आताच काढ, बोटं सुजली की निघत नाहीत. नेलपॉलिशही नको, ऑक्सिजन बघायचा चिमटा बोटालाच लावतात.

मध, बाळगुटी, काजळ, दुधाची बाटली यातलं काहीही पिशवीत जाऊ देऊ नको, कुणी कितीही मायेनं आणून दिलं तरी. बाळाला पहिल्या तासात तुझा चीकच पाजायचा. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही. त्यातून क्वचित का होईना, जिवावरचा आजार होतो.

सगळं भरून झालं की आई आणि जावईबापूंना समोर बसव. "टोपडं काढा," "शेवटची सोनोग्राफी द्या," असं एकेक मागून बघ. सापडलं नाही तर त्या वस्तूची जागा बदल. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेव. सरकारी रुग्णालयात जाणार असशील तर तिथं बाळंतपण, सिझर आणि औषधं मोफत असतात, हेही दोघांना सांग.

आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर पिशवी अर्धी भरलेली असो की रिकामी, तिथंच टाक आणि आधी दवाखाना गाठ. पिशवी मागून कुणीही आणून देईल.