पायरीचा हिशेब

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी धानाच्या रोवणीपूर्वी पाऊस, पऱ्हे व मजूर यांचा मेळ घालतो. वीराची भूमिका घेऊन खेळावयाच्या ऑनलाइन खेळातही असाच मेळ घालावा लागतो. पराक्रमाचे गुण साठले की वीर वरची पायरी चढतो. ही रीत १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केली.

समजा, एका मोहिमेत २० मिनिटांत १५० गुण मिळतात, दुसरीत १० मिनिटांत १००. मोठा आकडा पाहून पहिली निवडणारा फसतो. कारण तीत मिनिटाला साडेसात, तर दुसरीत दहा गुण पडतात.

खेळातील पडलेला वीर बहुधा पुन्हा उठतो. रोवणीचा हुकलेला दिवस मात्र परत येत नाही. खेळात गेलेली घटकाही नाही. म्हणून खेळ मांडण्याआधी वेळेचा हिशेब मांडावा.