वरचा 'सा' स्वच्छ कसा लागतो?

आपल्या सोलापूरचं एक खास वाद्य आहे, सुंदरी. शहनाईच्याच कुळातली, पण आकाराने लहान, म्हणून आवाजाने उंच. इथल्या जाधव घराण्यात हे वादन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, पं. भीमण्णा जाधव याच घराण्यातले. वेस्टर्न ऑर्केस्ट्रातला ओबो हा सुंदरीचा लांबचा भाऊ. दोन्हींत दुहेरी पत्ती, दोन्हींची नळी शंकूसारखी रुंदावत जाणारी.

बेसिक फंडा असा. शंकूच्या नळीत ओठ आणि फुंक आवळली की स्वर दुप्पट कंप्रतेवर उडी मारतो, म्हणजे खालच्या 'सा'वरून वरच्या 'सा'वर. ही उडी नीट लागावी म्हणून ओबोला ऑक्टेव्ह की असते. ती वरच्या भागात एक बारीक छिद्र उघडते. तिथे दाब टिकत नाही, मूळ स्वर मोडतो आणि वरचा उरतो. सुंदरीला की नाहीत. हे काम ओठ, पत्ती आणि श्वास करतात.

ओबोचे वरचे स्वर फाटत असतील तर लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. क्रम असा :

१) आधी दुसरी चांगली पत्ती लावून बघा.
२) वरच्या जोडाची सगळी छिद्रं बंद करून, खालचं तोंड दाबून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकली नाही तर गळती आहे.
३) पॅडखाली सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी ठेवा, की हलकी दाबून पट्टी ओढा. सगळीकडून सारखी अडली पाहिजे.
४) ऑक्टेव्हच्या छिद्रात पाणी साचतं, ते काढा.
५) शेवटी अ‍ॅडजस्टिंग स्क्रू. एका वेळी एकच, पाव फेऱ्याहून कमी. जोडीचे दोन पॅड एकदम बसायला हवेत. स्क्रू जास्त फिरला की एक बसतं, दुसरं किंचित उघडं राहतं आणि खालचे स्वरही जातात.

आता टॉलरन्स बघा. ओबो साधारण ६५ सेंमी लांब. नळीच्या लांबीत ३ मिमी चूक म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. समजा नळी ३० सेंमीचीच असेल, तर तीच चूक एक टक्का होते, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ सहावा भाग! तयार कानाला हे लगेच कळतं. आणि लहान वाद्यात सुंदरीवाल्याजवळ फिरवायला स्क्रूसुद्धा नाही. चूक भरून काढायची ती ओठांनी, वाजवता वाजवता.

म्हणून गावात सुंदरीची मैफल असली तर एक दिवस टी.व्ही. रूम सोडा आणि जाऊन ऐका. वरच्या 'सा'कडे नीट लक्ष द्या.