इंजिनचं कोटिंग : गिऱ्हाइकाला काय सांगून विकायचं?



व्हिडिओत आपण नाटेसारख्या गावात इंजिन-कोटिंगचा छोटा धंदा कसा उभा राहील ते बघितलं. वेळेअभावी राहिलेला तांत्रिक भाग इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

गिऱ्हाईक कोण?

खाडीपलीकडे जैतापूर, अलीकडे साखरी नाटेचं बंदर, आणि चहूकडे आंबा-काजूच्या बागा. इथे हवेवर थंड होणारी इंजिनं घरोघरी दिसतात: मासे विकायला फिरणाऱ्या मोटारसायकली, ग्रासकटर, आंब्याच्या फवारणीचे पंप. पावसात ग्रासकटर, मोहोराच्या दिवसांत पंप. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मासेवाल्यांच्या गाड्यांना थोडी उसंत. सीझनच्या आधी मशीन तुमच्याकडे आलं पाहिजे, हे डोक्यात ठेवा.

आधी एक घोळ मिटवू

बाजारात दोन उलट कामांची कोटिंग्ज मिळतात, आणि दोन्हींना लोक 'हीट कोटिंग'च म्हणतात.

१. उष्णता अडवणारं : सिरॅमिकचं. पिस्टनच्या माथ्यावर, सायलेन्सरच्या पाइपवर. हे उष्णता आतच ठेवतं.

२. उष्णता बाहेर टाकणारं : पातळ, मॅट, बहुधा काळं. सिलिंडर आणि हेडच्या फिनवर.

पहिल्या प्रकारचं फिनवर मारलंत तर गिऱ्हाइकाच्या पैशाने त्याचंच नुकसान केलंत. डबा घेताना दुकानदाराला 'हीटचं द्या' म्हणू नका. कुठल्या भागाला लावायचंय ते सांगा आणि माहितीपत्रक मागून घ्या.

कोटिंग नेमकं करतं काय?

फिनमधली उष्णता दोन वाटांनी जाते: वाऱ्याबरोबर आणि किरणांनी. चकचकीत ॲल्युमिनियम किरणांनी फारच कमी उष्णता सोडतं, रंगवलेला पृष्ठभाग कितीतरी जास्त. पण मोटारसायकल पळत असेल किंवा पंखा फिरत असेल तर बहुतेक उष्णता वाराच नेतो. शिवाय फिन एकमेकींसमोर असतात, त्यामुळे एकीचे किरण दुसरीवरच पडतात. ग्रासकटरवर तर वर प्लास्टिकचं झाकण असतं.

म्हणजे खरं सांगायचं तर कोटिंगने इंजिन थोडं थंड राहील, जादू होणार नाही. ग्रासकटरच्या फिनमध्ये अडकलेलं तेलकट गवत काढलंत तर त्याचा फायदा रंगापेक्षा मोठा.

मग विकायचं काय? खाऱ्या हवेपासून संरक्षण. मासळीच्या पेटीतलं खारं पाणी गळतं, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, बिडाचा सिलिंडर गंजतो. ही गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसणारी अडचण आहे, आणि ती तुम्ही सोडवू शकता.

निवड कशी करायची?

- सिलिकॉनचा उच्च-तापमान रंग : सुरुवातीला हाच. बीड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालतो. थर पातळ ठेवा, साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळीसावा भाग. डब्यावर लिहिलेल्या तापमानाला भट्टीत पक्का करावा लागतो. घरातला ओव्हन अजिबात वापरायचा नाही.
- साधं पावडर कोटिंग : गेट-ग्रिलसाठी छान. थर जाड बसतो, आणि ते पक्कंच होतं २०० अंशांच्या आसपास. तापणाऱ्या सिलिंडरवर टिकण्याची खात्री नाही.
- काळं ॲनोडायझिंग : फक्त ॲल्युमिनियमवर. ओतीव भागात सिलिकॉन जास्त असेल तर डाग पडतात. हे बाहेरून करून घ्या, स्वतः मांडू नका.

कामाचा क्रम

१. गोड्या पाण्याने मीठ धुवा. मीठ राहिलं तर रंग फुगणारच.
२. तेल काढा, मग ब्लास्टिंग. साधी वाळू वापरू नका, तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात. काचेचे मणी वापरा, तरीही मास्क हवाच.
३. प्लगचे आटे, गॅस्केटच्या जागा आणि सिलिंडरचा आतला भाग नीट झाका.
४. दोन पातळ हात. फिनमधली फट बुजता कामा नये.

मोजताना फसू नका

हातातली इन्फ्रारेड गन बहुधा रंगीत पृष्ठभागासाठी लावलेली असते. उघड्या चकचकीत धातूवर ती तापमान *कमी* दाखवते. म्हणजे कोटिंगनंतर मोजलंत तर इंजिन उलट जास्त तापल्यासारखं दिसेल, आणि गिऱ्हाईक तुमच्यावरच उखडेल! म्हणून प्लगखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर घ्या. आधी आणि नंतर तोच भार, तेवढाच वेळ, शक्यतो दिवसाची तीच वेळ.

दर ठरवताना

रंग एका नगाला थोडाच लागतो. वेळ खातं ते खोलणं, धुणं, झाकणं आणि परत बसवणं. तुमच्या तासांची मजुरी धरल्याशिवाय दर सांगू नका. मशीन वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारायला सांगा.

'वीस अंश थंड होईल' असं सांगून एक काम मिळेल. 'गंज धरणार नाही, पुढच्या पावसाआधी दाखवायला आणा' असं सांगितलंत तर तोच माणूस शेजाऱ्याला घेऊन येईल. गाव लहान आहे मित्रांनो, शब्द लगेच फिरतो.

गृहपाठ : या आठवड्यात दहा मशीनवाल्यांना भेटा. फिन बघा, गंज आहे की गवत, ते वहीत लिहा. दहातल्या सहा जणांना नुसती सफाईच हवी असेल, तर तुमचा धंदा सफाईपासून सुरू होतो. कोटिंग नंतर!