राहेलीचे रडणे आणि सार्वकालिक प्रीती



यिर्मया ३१:३ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर असते. देवाची सार्वकालिक प्रीती! त्याच अध्यायाचे १५ वे वचन मात्र मी कोणाच्या भिंतीवर पाहिलेले नाही. तेथे राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. देव तिला अश्रू आवरायला सांगतो खरा, पण आधी तिचा आकांत ऐकतो आणि लेकरे परत येतील अशी आशाही देतो.

पाड्यावर लेकरू गेलेल्या घरी बसतो तेव्हा मला हा अध्याय आठवतो. "देवाची माया होती, तर पोर का गेलं?" आई विचारते. सोपे उत्तर माझ्यापाशी नाही.

योहान ११ मध्ये प्रभू येशू मार्थेशी पुनरुत्थानाविषयी बोलतो. मग मरीयेला रडताना पाहून तोही रडतो. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार, हे त्याला ठाऊक होते. तरी रडला! सार्वकालिक जीवनाची आशा त्याच्याइतकी कोणाला पक्की होती?

म्हणून अशा घरी मी शास्त्र उघडण्याची घाई करीत नाही. चूल पेटलेली नसते. शेजारणींनी आणलेली भाकरी आधी सर्वांना वाढतो. प्रार्थना, आई म्हणेल तेव्हा.