टेबलावरील आर्वीची आगगाडी

खेळणे आणि नमुना यांत भेद कोणता, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? जत्रेत मिळणारी, किल्ली दिली की गरगर फिरणारी पत्र्याची आगगाडी हे खेळणे होय. तिचे धुराडे इंजिनाऐवजी डब्यावर बसविले तरी मुलाच्या आनंदात उणेपणा येत नाही. नमुन्याचे तसे नाही. खरी वस्तू जशी आहे किंवा होती तशीच, परंतु ठरावीक प्रमाणात लहान करून दाखवावयाची, हा नमुन्याचा नियम. म्हणून खेळण्याला कोणी जाब विचारीत नाही. नमुन्याला मात्र खऱ्या वस्तूपुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते.

आगगाडीचे नमुने करण्याचा छंद आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्यास कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. अशा छंदाची दोन माणसे एकत्र बसली म्हणजे त्यांचे बोलणे मोठे गमतीचे असते. इतर लोक पावसापाण्याची चौकशी करतात. हे मिलिमीटरांवरून भांडतात. त्यांतले एक भांडण आपल्या गणिताच्या तासास उपयोगी पडेल, सबब ते येथे सांगतो.

जगात पुष्कळ नमुने १ : ८७ या प्रमाणात करतात. म्हणजे खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर नमुन्यात १ मिलिमीटर होतात. या प्रमाणाचे जे रूळ बाजारात मिळतात, त्यांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोपातील १४३५ मिलिमीटरांच्या रुळांवरून ठरविलेले आहे. परंतु आपल्या मोठ्या मार्गाच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. त्याला ८७ ने भागा, उत्तर १९.२६ येते. बाजारातील रूळ पावणेतीन मिलिमीटरांनी अरुंद पडले!

येथेच भांडणास आरंभ होतो. एक म्हणतो, “अहो, आपली हावडा मेल या रुळांवर पाय आखडून उभी राहिल्यासारखी दिसते.” दुसरा म्हणतो, “टेबलाच्या पलीकडून कोणाला दिसणार?” पहिला उत्तरतो, “मला दिसते ना!” या उत्तरावर तोड नाही.

या वादात आपला वर्धा जिल्हा फार चांगला मार्ग दाखवितो. पुलगावाहून आर्वीस जी छोटी गाडी जात असे, तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. ८७ ने भागल्यास ८.७६ येते, आणि बाजारात ९ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. अंतर पाव मिलिमीटराहूनही कमी! मोठ्या डौलाची मेल टेबलावर खोटी ठरते आणि आर्वीची लहान गाडी जवळजवळ खरी उतरते.

पण रूळ जुळले म्हणजे नमुना झाला असे नव्हे. आता इतिहासाचे प्रश्न पुढे येतात. ही गाडी लहानच का केली? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोठा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. वर्धा शहर त्याच सुमारास, १८६६ साली, पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविले गेले. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि आपल्या प्रांताच्या काळ्या जमिनीकडे सर्वांचे डोळे लागले होते. मोठा मार्ग पुलगावावरून गेला. आर्वीचा कापूस मात्र ३५ किलोमीटर दूर राहिला. तेवढ्याकरिता मोठे रूळ टाकणे महाग पडते. रूळ अरुंद असले म्हणजे भराव कमी लागतो, लोखंड हलके चालते आणि वळणे आखूड घेता येतात. म्हणून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा छोटा मार्ग १९१७ साली सुरू झाला.

कंपनीची ही काटकसर खरी; पण तिची किंमत कोणी दिली? लहान गाडीचे डबे मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे आर्वीकडून आलेला माल पुलगावास उतरवून पुन्हा मोठ्या वाघिणींत भरावा लागे. हे काम हमालांच्या पाठीवर पडले. ज्याने पुलगाव स्टेशनाचा नमुना केला, इंजिन चकचकीत रंगविले, सिग्नल लावले, पण ओझ्याखाली वाकलेला हमाल ठेवला नाही, त्याच्या नमुन्यात मिलिमीटर बरोबर असूनही मोठी चूक राहिली. साडेपाच फूट उंचीचा हमाल या प्रमाणात जेमतेम १९ मिलिमीटरांचा होतो. पण त्याच्यावाचून त्या स्टेशनाचा अर्थ लागत नाही.

आणखी एक गंमत पाहा. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर. ८७ ने भागले तर सुमारे ४०२ मीटर होतात. म्हणजे शर्यतीच्या मैदानाला एक पूर्ण फेरी! एवढे टेबल कोणाच्या घरी असणार? तेव्हा विरूळ ठेवावे की रोहणा, कोणती वळणे गाळावी, हे निवडावे लागते. वेगाचेही तसेच. मुले हौसेने नमुन्याची गाडी सेकंदाला अर्धा मीटर सोडतात. त्याला ८७ ने गुणले असता तो वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर भरतो. बैलबंडीला मागे टाकले तरी समाधान मानणाऱ्या आर्वीच्या गाडीला हा अपमानच वाटला असता!

आज ही गाडी धावत नाही. तिची बहीण म्हणावी अशी यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाची गाडी लोकांनी प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटली. मँचेस्टरास १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. नागपुरास मोतीबाग येथे लहान रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय २००२ साली उघडले. तेथे तशी इंजिने डोळ्यांनी पाहता येतात. परंतु आर्वीच्या गाडीत लाकडी बाक होते की नाही, बाजाराच्या दिवशी कोण कोण चढे, गार्ड ओळखीच्या म्हातारीसाठी गाडी थांबवी काय, हे संग्रहालय सांगणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आपल्या घराच्या ओसरीवर बसलेली आहेत, आणि दरवर्षी त्यांची संख्या कमी होत आहे.

म्हणून सुटीत पुढील तीन गोष्टी कराव्या. एक, आपल्या शाळेची लांबी-रुंदी मोजून १ : ८७ या प्रमाणात कागदावर काढावी. दोन, पुठ्ठ्याचे एक लहान स्टेशन त्याच प्रमाणात करावे. रूळ विकत घेण्याची गरज नाही. तीन, त्या गाडीने प्रवास केलेल्या आजोबा-आजींस निदान दहा प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावी. पालकांस एवढीच विनंती की, मूल पुठ्ठा कापीत बसले तर वेळ फुकट गेला असे म्हणू नये. जमल्यास त्याला आर्वी स्टेशनाची जागा दाखवून आणावी.