उसाच्या फडाची हवाई पाहणी : एक ड्रोन की तीन?

ऊस डोक्यावर गेला की फडाच्या आत काय चालले आहे ते बांधावरून समजत नाही. हुमणी लागलेला किंवा पाणी न पोहोचलेला भाग पिवळा पडून नजरेस येईपर्यंत नुकसान झालेले असते. ड्रोनवरील कॅमेरा असा भाग वरून दाखवितो. पुणे जिल्ह्याला हे तंत्र नवे नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावठाणाची प्रायोगिक मोजणी स्वामित्व योजनेच्या (२०२०) आधीच ड्रोनने झाली होती.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते व डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. अवरक्त ५० टक्के व तांबडा ८ टक्के परत आल्यास तो ०.७२ येतो, ३५ व १५ टक्के आल्यास ०.४० वर घसरतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. १०० मीटर उंचीवरून एका छायाचित्रात १२० मीटर रुंदी येते असे धरा. शेजारच्या पट्ट्यांची छायाचित्रे ७० टक्के एकमेकांवर यावी लागतात, म्हणजे प्रत्येक फेरीत नवीन पट्टा ३६ मीटरचाच. सेकंदाला ८ मीटर वेगाने १०० हेक्टरला सुमारे ५८ मिनिटे लागतात, वळणे वेगळीच. बॅटरी मात्र साधारण २५ मिनिटे टिकते. ती बदलेपर्यंत ऊन कलते, ढग येतो, सावल्या सरकतात आणि सकाळचा फड व दुपारचा फड यांची तुलना फसते. तीन ड्रोनांनी क्षेत्र वाटून घेतल्यास काम वीस मिनिटांत होते.

लोहगाव विमानतळामुळे पुणे परिसरात ही अडचण वाढते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवर, म्हणजे सुमारे ६० मीटरवर, जाण्यास परवानगी लागते. ६० मीटरवरून त्याच कामाला ९७ मिनिटे लागतील. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवूच नये. हडपसर, मांजरी, फुरसुंगी भागातील बागायतदारांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा.

समूहाने उड्डाण करताना प्रत्येक ड्रोनची परतीची उंची वेगळी ठेवावी. उड्डाणापूर्वी सर्व कॅमेऱ्यांनी एकाच करड्या प्रमाण-फलकाचे छायाचित्र घ्यावे. हे टाळल्यास एका ड्रोनचा सारा भाग फिकट दिसतो आणि भलतीकडेच औषध पडते. फिकट भागाची कड दोन ड्रोनांच्या हद्दीवर सरळ रेषेत असेल तर दोष कॅमेऱ्याचा समजावा. हुमणी काही आखून खात नाही! ठिबकची बंद पडलेली नळीही सरळ पट्टाच दाखविते, म्हणून अशा जागी प्रत्यक्ष जाऊन दोन-तीन बेटे उपटून मुळे पाहावीत.